जुन्या स्वीडिश मोटारी आणि त्यांचे हौशी धनी



घरांतील जुनी वस्तु आपण दोन रीतींनीं जपतों. आजोबांची पगडी पेटींत जशीच्या तशी ठेवतों. आजीचें लुगडें मात्र फाडून त्याची गोधडी शिवतों. माया दोन्हींकडे सारखीच. परंतु पगडी ही पगडी राहते, आणि लुगडें लुगडें म्हणून उरत नाहीं. स्वीडन देशांतील जुन्या मोटारींवर जीव टाकणाऱ्या माणसांचा इतिहास पाहूं लागलें, कीं हाच पेंच पुढें उभा राहतो. त्याचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

स्वीडनमध्यें हिवाळा लांब, वस्ती विरळ आणि खेड्यांतले रस्ते पुष्कळ काळपर्यंत खडीचे. अशा देशाला सोसेल अशी मोटार देशांतच बांधावी, या हेतूनें आस्सार गाब्रिएल्सॉन आणि गुस्ताफ लार्सॉन या दोघांनीं ‘व्होल्वो’ कंपनी उभारली. व्होल्वो हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ‘मी फिरतों’. १४ एप्रिल १९२७ रोजीं गोथेनबर्गच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. मागच्या आंसाचे दांते उलटे बसल्यामुळें ती पुढें न जातां मागें गेली, अशी आख्यायिका तिच्याविषयीं सांगतात. सामान्य कुटुंबाच्या दाराशीं मोटार आली ती मात्र पुढें वीस वर्षांनीं. महायुद्ध चालू असतांनाच १९४४ च्या सप्टेंबरांत स्टॉकहोम येथें ‘पीव्ही ४४४’ ही लहान, फुगीर पाठीची गाडी मांडली गेली. तिची किंमत ४,८०० क्रोनर, म्हणजे १९२७ च्या पहिल्या गाडीइतकीच ठेवली होती. गाड्या प्रत्यक्ष तयार होऊं लागल्या १९४७ मध्यें. ही गाडी आणि १९५८ सालीं आलेली तिची सुधारलेली बहीण ‘५४४’ मिळून १९६५ पर्यंत सुमारें ४ लक्ष ४० हजार गाड्या निघाल्या.

दुसरें घराणें विमानांचें. १९३७ सालीं ट्रॉलहेटान येथें लढाऊ विमानें बांधण्यासाठीं ‘साब’ कंपनी स्थापन झाली. युद्ध संपत आलें तेव्हां कारागिरांच्या हातांना नवें काम हवें होतें. गुन्नार ल्युंगस्ट्रम हा अभियंता आणि सिक्स्टेन सासोन हा रेखाकार यांनीं मोटार योजिली, आणि तिला विमानाच्या पंखाची डौलदार घडण दिली. १९४९ च्या अखेरीस ‘साब ९२’ चें उत्पादन सुरू झालें. इंजिन ७६४ घन सेंटिमीटरचें, अवघ्या २५ अश्वशक्तीचें. आरंभींच्या सर्व गाड्या एकाच गडद हिरव्या रंगाच्या. मागें डिकीला दारच नाहीं, सामान आंतूनच ठेवावयाचें. इंजिन द्विघाती असल्यानें त्याचें तेल पेट्रोलांतच मिसळावें लागे. उतारावर पेट्रोल बंद केलें, कीं तेलही बंद होणार आणि फिरणारें इंजिन कोरडें पडणार. म्हणून सायकलीप्रमाणें या गाडीला फ्रीव्हील दिलेलें होतें. उतार लागला कीं चाकें मोकळीं धांवत आणि इंजिन निवांत राही. असल्या खोड्या ज्या वाहनाला असतात, त्याच्याशीं धन्याची ओळख हळूहळू गाढ होते. यंत्र साधें, उघडून पाहतां येण्याजोगें. त्यामुळें ती ओळख हातांतूनही होऊं शकली.

या ओळखीला कीर्ति मिळाली ती शर्यतींत. एरिक कार्ल्सॉन यानें साब गाडीच्या बळावर १९६० ते १९६२ अशीं लागोपाठ तीन वर्षें इंग्लंडमधील आरएसी रॅली जिंकली. १९६२ व १९६३ सालीं माँटे कार्लोची रॅलीही त्यानेंच घेतली. व्होल्वोची एक हकीकत आपल्याला विशेष जवळची वाटेल. केनियांत जन्मलेले पंजाबी शीख जोगिंदर सिंग यांनीं १९६५ ची पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली आपले बंधु जसवंत सिंग यांच्यासह जिंकली. गाडी होती ‘पीव्ही ५४४’, आणि तीही कोरी नव्हे. आदल्या वर्षीं त्याच रॅलींत धांवून थकलेली. चिखल आणि धूळ यांनीं नव्या गाड्या हतबल होत असतां या वापरलेल्या गाडीनें बाजी मारली.

येथून फेरफारांच्या छंदाला मोकळें रान मिळालें. त्याला कारखान्याचीही नकळत मदत झाली. १९६१ सालापासून ‘बी १८’ नांवाचें एकच दणकट इंजिन व्होल्वोच्या अनेक नमुन्यांत बसूं लागलें. त्यामुळें एका मोडक्या गाडीचें काळीज दुसरीच्या छातींत घालणें घरच्या आवारांतही शक्य झालें. जुन्या ४४४ मध्यें नवें इंजिन, बळकट ब्रेक, रुंद चाकें, असे प्रयोग हौशी लोक करूं लागले.

याच्या उलट बाजूचें उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या आयर्व्ह गॉर्डन या शिक्षकाचें. १९६६ सालीं घेतलेली लाल ‘पी १८००’ त्यानें कंपनीच्या पुस्तिकेबरहुकूम सांभाळली, आणि २०१३ मध्यें तिच्यावर ३० लक्ष मैलांची मजल पुरी केली. त्यानें गाडीचें रूप पालटलें नाहीं. फक्त तिला स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

फेरफाराची सर्वांत जुनी स्वीडिश परंपरा मात्र हौसेची नव्हे, नडीची आहे. युद्धकाळीं शेतीला ट्रॅक्टर मिळेनात, तेव्हां जुन्या मोटारी कापून त्यांचे ट्रॅक्टर बनविण्यास १९४० सालीं सरकारनें नियमानें वाट करून दिली. मागचें अंग कापावयाचें, तेथें फळ्या ठोकावयाच्या, आणि एकामागें एक दोन गिअरबॉक्स जोडून वेग मंद करावयाचा. स्वस्त मालाच्या एका प्रसिद्ध दुकानावरून लोकांनीं त्यांस ‘ईपा’ म्हटलें. युद्ध संपलें, पण ताशीं ३० किलोमीटरच्या या वाहनास मोटारीचा परवाना लागत नसल्यानें पंधरा-सोळा वर्षांच्या खेड्यांतील पोरांनीं तें उचललें. शाळा आणि मित्रांचीं घरें मैलोगणती दूर असलेल्या त्या मुलांना तें स्वातंत्र्यच वाटलें. १९६३ सालीं कडक नियमांचा ‘ए-ट्रॅक्टर’ आला आणि १९७५ मध्यें जुन्या पद्धतीचे नवे ईपा बंद झाले. तरी हा प्रघात आजही जिवंत आहे. अपघात वाढल्यामुळें २०२३ मध्यें त्यांत पट्टे सक्तीचे करावे लागले.

या परंपरेनें कोणाचा बळी घेतला, तर व्होल्वो ‘डुएट’चा. आठवडाभर मालासाठीं आणि रविवारीं कुटुंबासाठीं, अशी ही दुहेरी उपयोगाची गाडी १९५३ ते १९६९ पर्यंत निघाली. ४४४ चा सांगाडा अंगाशींच जोडलेला. डुएटला मात्र स्वतंत्र पोलादी चौकट होती. म्हणूनच वरचें अंग कापलें तरी खालची चौकट उभी राही, आणि म्हणूनच करवत तिच्यावर चाले. आज अखंड डुएट जपणाऱ्या शौकिनाला त्या करवतीचा आवाज असह्य वाटतो, यांत नवल नाहीं.

आणि कारखानाच नाहींसा झाला तर? १९ डिसेंबर २०११ रोजीं साबची मोटार कंपनी दिवाळखोरींत निघाली. पुढच्याच महिन्यांत ट्रॉलहेटान येथील तिच्या संग्रहालयांतील गाड्याही विक्रीस निघाल्या. पहिला हातघडणीचा नमुनाही त्यांतच होता. अखेर नगरपालिका, विमानें बांधणारी मूळ साब कंपनी आणि वॉलेनबर्ग घराण्याचें प्रतिष्ठान यांनीं मिळून तो संग्रह गांवांतच राखला. पगडी पेटींत राहिली. परंतु रस्त्यावरच्या साब गाड्यांना नवें आयुष्य देणें आतां मुख्यतः त्यांच्या धन्यांच्याच हातीं राहिलें.

मला वाटतें, या वादाचा निवाडा प्रत्येक गाडीपुरता वेगळा करावा लागेल. जिचे अखंड नमुने मोजकेच उरले, तिच्यावर करवत चालवूं नये; एकदां कापलेलें अंग पुन्हा सांधत नाहीं. परंतु जी गोठ्याच्या कोपऱ्यांत गंजून भंगारांत जाणार, ती एखाद्या पोरानें कापून, ठोकून, दोन गिअरबॉक्सांनिशीं पुन्हा रस्त्यावर आणली, तर त्याला दोष कसा द्यावा? गोधडींतल्या लुगड्याचे कांठ ओळखूं येतात, तशी त्या ट्रॅक्टरच्या नाकावर जुन्या डुएटची मुद्रा ओळखूं येतेच.