युरेनियमची खाण किती सुरक्षित? समजून घ्या जादूगोडाच्या गोष्टीतून

अणुऊर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तारापूर येतं, कुडनकुलम येतं. पण अणुभट्टीतलं इंधन येतं कुठून? त्याचं एक उत्तर आहे झारखंडमधलं जादूगोडा. जमशेदपूरजवळच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातलं हे गाव. देशातली पहिली युरेनियम खाण इथलीच. १९६७ साली स्थापन झालेल्या युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे 'युसिल' या सरकारी कंपनीचं मुख्यालयही इथेच आहे.

आजूबाजूला संथाळ आणि हो आदिवासींची गावं आहेत. खाणीनं त्यांच्यातल्या अनेकांना नोकऱ्या दिल्या आणि एक जुना वादही दिला. तो वाद नेमका काय आहे?

खाणीत धोका कशाचा?

अनेकांना वाटतं, धोका युरेनियमच्या दगडाला हात लावण्यात आहे. खरं तर कामगारासाठी सगळ्यात घातक असतो रेडॉन नावाचा वायू. युरेनियमचं हळूहळू विघटन होताना तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंदिस्त बोगद्यात तो साचतो. त्याच्यापासून बनणारे किरणोत्सर्गी कण श्वासातून फुप्फुसात जातात आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो.

अमेरिकेत हे फार उशिरा मान्य झालं. तिथल्या युरेनियम खाणींत काम केलेल्या नवाहो आदिवासींसह अनेक कामगारांना फुप्फुसाचे आजार झाले. त्यांना भरपाई देणारा कायदा आला थेट १९९० मध्ये.

दुसरा धोका धुळीचा. दगडातल्या सिलिकाच्या बारीक धुळीमुळे सिलिकोसिस होतो. हा धोका मात्र इतर खाणींतही असतो.

कामगारांच्या सुरक्षेसाठी काय केलं जातं?

सगळ्यात महत्त्वाचा उपाय म्हणजे खेळती हवा. मोठ्या पंख्यांनी ताजी हवा आत ढकलायची आणि रेडॉन बाहेर काढायचा. जादूगोडाची खाण सुमारे ९०० मीटर खोल आहे, त्यामुळे हे काम सोपं नाही. धूळ उडू नये म्हणून ड्रिलिंग करताना पाणी वापरतात. कामगाराला किती किरणोत्सर्ग मिळाला, याचीही नोंद ठेवली जाते.

मर्यादा ठरवते अणुऊर्जा नियामक मंडळ (एईआरबी). त्याचं मुख्यालय आपल्या मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. नियमानुसार कामगाराला सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग मिळता कामा नये. सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

मग गावकऱ्यांची तक्रार कशाबद्दल?

मुख्यतः गाळाबद्दल. जादूगोडाच्या खनिजात युरेनियमचं प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे एक टन दगड दळला, तरी एक किलो युरेनियमसुद्धा निघत नाही. उरलेल्या दगडाचं काय होतं? त्यातला जाडसर भाग पुन्हा खाणीत भरतात. बारीक गाळ चुना मिसळून पाइपनं 'टेलिंग पाँड' नावाच्या मोठ्या तळ्यांत सोडतात. तिथलं पाणी प्रक्रिया करून, त्यातलं रेडियम वेगळं करूनच बाहेर सोडायचं असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. युरेनियम काढून घेतलं, तरी मूळ खनिजातला साधारण ८५ टक्के किरणोत्सर्ग मागेच राहतो. त्यातल्या रेडियमचा किरणोत्सर्ग निम्मा व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात.

डिसेंबर २००६ मध्ये गाळ वाहून नेणारा पाइप फुटला आणि गाळ जवळच्या ओढ्यात गेला. तेव्हाच्या बातम्यांनुसार गळती आधी गावकऱ्यांच्याच लक्षात आली आणि ती थांबवायला कित्येक तास लागले.

आजारांचं काय?

खरा वाद इथेच आहे. इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट या डॉक्टरांच्या संघटनेनं २००७ मध्ये खाणीजवळच्या आणि दूरच्या गावांची तुलना केली. जवळच्या गावांत वंध्यत्व, जन्मजात व्यंग आणि कॅन्सरमुळे होणारे मृत्यू यांचं प्रमाण जास्त आढळलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. युसिलला हे मान्य नाही. इथल्या आजारांचा किरणोत्सर्गाशी संबंध नाही, असं कंपनी सरकारी तपासण्यांचा हवाला देत सांगत आली आहे. या विषयावरची एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये फेटाळली. २०१४ मध्ये मात्र झारखंड उच्च न्यायालयानं स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली.

तपासणी कोण करतं?

खाण परिसरातली हवा, पाणी आणि माती भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तपासतात. पण हे केंद्रही अणुऊर्जा विभागाचं आणि युसिलही त्याच विभागाची. नियामक मंडळ पुरेसं स्वायत्त नाही, असे ताशेरे 'कॅग'नंही २०१२ च्या अहवालात ओढले होते. त्यामुळे 'सगळं मर्यादेत आहे' असं सांगितलं तरी गावकऱ्यांचा विश्वास बसत नाही. अणुऊर्जा विभागाबाहेरच्या तज्ज्ञांनी पाहणी करावी आणि आकडे लोकांना कळतील अशा भाषेत जाहीर व्हावेत, असं त्यांचं म्हणणं आहे.

थोडक्यात काय?

युरेनियमची खाण सुरक्षितपणे चालवण्याचं तंत्र जगाला माहीत आहे. ते रोज पाळलं जातंय का, हे बाहेरच्या कुणालातरी तपासता यायला हवं. परवानग्यांच्या प्रश्नामुळे २०१४ मध्ये जादूगोडाच्या खाणीतलं काम थांबलं, तेव्हाही गाळाची तळी तिथेच होती. खाण बंद करता येते. तळ्यांवर मात्र पुढच्या अनेक पिढ्यांना लक्ष ठेवावं लागणार आहे.