आळशी डोळा : किती उशीर म्हणजे फार उशीर?

साठ मुलांच्या वर्गात एक-दोघांचा एक डोळा ‘आळशी’ निघू शकतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत हे प्रमाण साधारणपणे शेकडा १ ते ३ आढळते. असा डोळा दिसायला निरोगी असतो, पण योग्य नंबरचा चष्मा लावूनही त्याने अंधुकच दिसते. दुसऱ्या डोळ्यावर काम भागत असल्याने खुद्द मुलालाही याचा पत्ता नसतो. मग आठवी-नववीत ही गोष्ट लक्षात आली, तर वेळ निघून गेलेली असते का? या प्रश्नाचे उत्तर कसकसे बदलत गेले, ते आपण पाहू या.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने १७४३ साली तिरळेपणावर एक निबंध लिहिला. तिरळ्या माणसाच्या दोन डोळ्यांची शक्ती सारखी नसते, हे ओळखून त्याने चांगला डोळा काही काळ झाकण्याचा उपाय सुचवला. हा उपाय अनेकांना लागू पडे; का, ते मात्र कळत नव्हते.

कारण उमगायला १९६३ साल उजाडले. अमेरिकेत ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून बंद ठेवली. पापणी उघडल्यावर डोळा ठणठणीत होता. पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ सर्व पेशी दुसऱ्याच डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजरांवर मात्र असा परिणाम झाला नाही. म्हणजे आळस डोळ्याचा नव्हता. मेंदूशी होणारी त्याची जोडणीच लहानपणी नीट झालेली नव्हती. या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मात्र ‘सात-आठ वर्षांनंतर उपचार व्यर्थ’ ही समजूत अशा प्रयोगांमुळे आणखी पक्की झाली. मोठ्या मुलांवर तिची नीट परीक्षा झाली ती २००५ साली. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांपैकी काहींना केवळ चष्मा दिला, तर काहींना चष्म्याबरोबर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. १३ ते १७ वयाच्या ज्या मुलांवर पूर्वी उपचार झालेच नव्हते, त्यांच्यात पट्टी लावणाऱ्यांपैकी शेकडा ४७ जणांची नजर तक्त्यावर निदान दोन ओळींनी सुधारली. नुसत्या चष्म्याने शेकडा २० जणांची. नजर पूर्ण बरी झालेली मुले थोडीच होती, आणि पूर्वी उपचार झालेल्यांना पट्टीचा विशेष फायदा दिसला नाही. लहान वयातला उपचार अधिक गुणकारी, हे आजही खरेच आहे.

तरीही माध्यमिक शाळेत तपासणीला अर्थ आहे. आपण एवढे करू शकतो : मुलाला तक्त्यापासून सहा मीटरवर उभे करून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. दुसरा डोळा तळहाताने झाकावा. बोटांच्या फटीतून मुले नकळत पाहतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेल्या परीक्षेत आळशी डोळा हमखास निसटतो. फरक आढळल्यास पालकांना नेत्रतज्ज्ञाकडे जायला सांगावे. पट्टी लावण्याचा निर्णय मात्र त्यांचाच.