कॉर्बिएरच्या घाटवाटा

दक्षिण फ्रान्समधील कॉर्बिएर डोंगरांत द्राक्षमळ्यांतून वळणाऱ्या अरुंद रस्त्यांवर मोटारी तुरळकच. सायकलस्वार मात्र हौसेने येतात. घाट चढताना ७२८ मीटर उंचीवरचा केरिब्यूस किल्ला दिसतो. १२०६ पासून या प्रांतात संत डॉमिनिक लवाजमा टाकून पायी हिंडत, कॅथर पंथीयांशी वाद करीत. दृश्य सृष्टीच दुष्ट मानणारी ती शिकवण ख्रिस्तसभेला मान्य होणे शक्यच नव्हते. पण वाद शब्दांचा होता तोवरच तो शुभवर्तमानाचा होता. १२०९ मध्ये धर्मयुद्धाचे सैन्य उतरले. पश्चिमेकडील मोंसेग्यूरच्या पायथ्याशी १६ मार्च १२४४ रोजी दोनशेहून अधिक कॅथर जाळले गेले. केरिब्यूस १२५५ मध्ये पडला. आजचे बुरूज बहुतांशी नंतर फ्रेंच राजांनी सरहद्दीसाठी बांधलेले, तरी रस्त्यावरच्या पाट्यांवर नाव कॅथरांचेच आहे.