इष्ट काठिण्य

अध्ययनाची गती तात्पुरती मंदावणाऱ्या, परंतु शिकलेले दीर्घकाळ टिकवणाऱ्या अडचणींसाठी मानसशास्त्रात रूढ असलेली संज्ञा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क यांनी ती १९९४ मध्ये मांडली.

एकच मजकूर लागोपाठ वाचल्याने तो ओळखीचा होतो आणि ही ओळखच ज्ञान वाटू लागते. परीक्षेत मात्र तो समोर नसताना आठवावा लागतो. असे न पाहता आठवणे हा इष्ट काठिण्याचा पहिला प्रकार. आठवण्याच्या प्रयत्नानेच स्मृती बळकट होते.

हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या प्रयोगात (२००६) विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुनर्वाचन सरस ठरले (८१ विरुद्ध ७५ टक्के). आठवड्यानंतर मात्र पुनर्वाचनाने ४२ टक्के, तर आठवून लिहिल्याने ५६ टक्के मजकूर टिकला.

उजळणीत खंड ठेवणे हा दुसरा प्रकार. त्याचा लाभ हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच नोंदवला होता. तिसरा प्रकार सरमिसळीचा. नेट कॉर्नेल व ब्यॉर्क यांच्या प्रयोगात (२००८) निरनिराळ्या चित्रकारांची चित्रे मिसळून पाहणाऱ्यांना नवीन चित्रांचे चित्रकार अधिक अचूक ओळखता आले. तरीही एकेका चित्रकाराची चित्रे सलग पाहणेच उपयुक्त, असे बहुतेकांचे मत राहिले.

प्रत्येक अडचण इष्ट नसते. पूर्वज्ञानाच्या बळावर विद्यार्थी पार करू शकेल तीच हितकारक. अन्यथा ती निव्वळ अडथळा ठरते. म्हणून शिकवतानाच्या सहजतेवरून अध्ययनाचे यश ठरवू नये. काही काळानंतर घेतलेली चाचणी हाच त्याचा विश्वसनीय निकष होय.