खिडकी माझी, नियम गावाचा

२४ ऑगस्ट १९९२. सोमवारची पहाट. अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ आदळलं. काही तासांत डेड काउंटीतली २५,०००हून जास्त घरं जमीनदोस्त झाली आणि लाखभर घरांची पडझड झाली. नुकसानीचा आकडा २५ अब्ज डॉलरच्या वर गेला. अनेक विमा कंपन्यांचं दिवाळं निघालं.

खरं तर इथला बांधकाम कायदा १९५७ पासूनचा, आणि देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक मानला जाणारा. मग घरं पडली कशी? ढिसाळ तपासणी, छपराला धड न ठोकलेले खिळे, ही कारणं होतीच. पण आणखी एक कच्चा दुवा होता तो खिडकीचा. वाऱ्याचा दाब किती असेल, याचा हिशेब कायद्यात होता. वारा सोबत काय उचलून आणेल, याची चाचणी मात्र नव्हती.

वादळात कौलं, फळ्या, पत्रे उडत येतात. त्यातली एक फळी काचेतून आत शिरली की मागोमाग वारा शिरतो. घर फुग्यासारखं आतून फुगू लागतं. वरून वारा छप्पर ओढत असतो, खालून आतली हवा ढकलत असते. छप्पर उडतं आणि त्याचे तुकडे शेजारच्याच्या खिडकीवर जाऊन आपटतात. म्हणजे माझी खिडकी नीट झाकणं हा फक्त माझा प्रश्न उरत नाही.

१९९४ मध्ये दक्षिण फ्लोरिडाच्या नियमांत नवी चाचणी आली. २ बाय ४ इंची, ९ पौंडांचा, म्हणजे साधारण ४ किलोचा लाकडी वासा तोफेसारख्या यंत्रातून ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने शटरवर मारायचा. त्यानंतर तेच शटर पुन्हा पुन्हा आतबाहेर दाबून पाहायचं. तरी टिकलं तर पास. २००२ मध्ये सगळ्या राज्यासाठी एकच बांधकाम कायदा लागू झाला, तरी मायामी-डेड आणि शेजारच्या ब्रॉवर्ड काउंटीचे नियम जास्त कडकच राहिले.

पुढचं भांडण सोसायट्यांमध्ये झालं. पत्र्याची शटर्स इमारतीची शोभा घालवतात, ही कमिट्यांची तक्रार. यावर कायद्याने मधला रस्ता काढला: शटरचा रंग आणि प्रकार कमिटीने ठरवावा, पण नियमात बसणारं शटर लावायला नाही म्हणू नये. फ्लॅटवाल्यांना हे संरक्षण आधीपासून होतं. स्वतंत्र घरांच्या वसाहतींना ते २०२४ मध्ये मिळालं.

उरला प्रश्न मुदतीचा. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, तब्बल सहा महिने. उन्हाळ्यात उत्तरेकडे जाणारे निवृत्त लोक निघताना शटर्स लावतात आणि परतल्यावरच काढतात. काही गावांचा आणि वसाहतींचा नियम याच्या उलट: वादळाचा इशारा आला की लावा, वादळ सरलं की ठरावीक दिवसांत काढा. कारण फक्त शोभेचं नाही. बंद शटरमागे आग लागली तर आतल्या माणसाला खिडकीतून बाहेर पडता येत नाही आणि अग्निशमन दलाला आत शिरता येत नाही. बंद घर पाहून चोरालाही आयती खबर मिळते. पण जड पत्रे दर वेळी शिडीवर चढून लावायचे आणि काढायचे, हे सत्तरीच्या माणसाने करायचं कसं?

यावर उत्तर म्हणून मोटारीच्या पुढच्या काचेसारखी, मध्ये चिवट थर असलेली काच आली. फुटली तरी ती चौकटीत टिकून राहते. लावा-काढा नाही, अंधार नाही. फक्त किंमत मोठी. नवा कायदा प्रामुख्याने नव्या बांधकामाला लागू होतो आणि जुन्या घरांचे मालक मागे राहतात. त्यांच्यासाठी राज्याने २००६ मध्ये अनुदान योजना सुरू केली, मध्यंतरी ती थंडावली, २०२२ मध्ये पुन्हा पैसे आले. अनुदान मिळेपर्यंत अनेक घरांचा भरवसा इशारा आल्यावर ठोकलेल्या प्लायवूडवरच असतो. आणि ते उखडलं, तर नव्या काचेच्या शेजाऱ्यावरच जाऊन आदळणार असतं.