नोंदवहीची दुसरी प्रत : धामणगावच्या स्टेशनापासून व्हीपीएनच्या लॉगपर्यंत

१/ स्वतःच्या नावातच ‘रेल्वे’ वागवणारी दोन गावे अमरावती जिल्ह्यात एकाच लोहमार्गावर आहेत : चांदूर रेल्वे आणि धामणगाव रेल्वे. संगणकाच्या जाळ्यात शिरलेला घुसखोर नोंदींवरून कसा ओळखला जातो, या आजच्या प्रश्नाचा एक जुना धागा याच मार्गावर सापडतो. मित्रहो, ही मालिका त्या धाग्याविषयी.

२/ मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. या प्रदेशाकडे कंपनीचे लक्ष वेधले ते कापसाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला जागतिक मोल आले.

३/ रुळांसोबत तारही आली. १८७० मध्ये मुंबई समुद्रतळाच्या तारेने एडनमार्गे इंग्लंडशी जोडली गेली आणि दूरदेशीचे कापसाचे भाव झपाट्याने कळू लागले. पण तार सार्वजनिक आणि सौदा खासगी. मधला प्रत्येक तारबाबू मजकूर वाचू शकत असे. म्हणून जगभरचे व्यापारी सांकेतिक शब्दकोश वापरू लागले. १८७३ चा ‘एबीसी कोड’ त्यांपैकी प्रसिद्ध. संकेतांमुळे शब्द कमी लागत, पैसे वाचत आणि मजकूरही झाकला जाई.

४/ सार्वजनिक वाटेवरून खासगी मजकूर झाकून नेणे, हीच आजच्या व्हीपीएनची मूळ कल्पना. आणि राज्यसत्तेची प्रतिक्रियाही जुनीच आहे. १८८५ च्या भारतीय तार कायद्यातील पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीत वा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारकडे घेतला.

५/ आता स्टेशनमास्तरांच्या टेबलाकडे वळू. तेथील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ट्रेन सिग्नल रजिस्टर. पुढच्या स्टेशनाकडे ‘लाइन क्लिअर’ केव्हा मागितले, केव्हा मिळाले, गाडी केव्हा सुटली, केव्हा पोहोचली, हे सारे त्यात मिनिटानिशी उतरते. चुकीची नोंद खोडून काढता येत नाही. तीवर एकच रेघ ओढायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे आणि शेजारी सही हवी.

६/ याहून सुंदर पद्धत ‘प्रायव्हेट नंबर’ची. प्रत्येक स्टेशनाला गुप्त क्रमांकांचा छापील तक्ता मिळतो. फोनवरून परवानगी देताना मास्तर त्यातला एक क्रमांक सांगतो. देणारा आणि घेणारा दोघेही तो आपापल्या वहीत लिहितात. म्हणजे एकाच घटनेच्या दोन नोंदी, दोन गावांत, दोन हस्ताक्षरांत. एका वहीत फेरफार झाला, तरी दुसरी साक्ष देते.

७/ तिसरी नोंद नियंत्रण कक्षात होते. गाडी गेल्याची वेळ स्टेशने विभागीय नियंत्रकाला कळवतात आणि त्याच्या आलेखावर साऱ्या विभागाच्या गाड्यांच्या रेषा एकत्र दिसतात. एका स्टेशनाला जे दिसत नाही, ते अनेक स्टेशनांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसते. आता अनेक स्टेशनांतील सिग्नल व पॉइंट यांच्या हालचाली ‘डेटा लॉगर’ आपोआप टिपतो आणि मध्यवर्ती केंद्राकडे पाठवतो.

८/ नोंदी जुळायच्या तर घड्याळे जुळली पाहिजेत. एकेकाळी मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी आणि रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. स्टेशनांना रोज सायंकाळी चार वाजता कालसंकेत देण्याचा रेल्वेचा नियम याच गरजेतून आलेला आहे.

९/ आता संगणकाकडे. ऑगस्ट १९८६. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने तो शोधायला घेतला, तेव्हा मागे जर्मनीतला घुसखोर निघाला. स्टोलने येणाऱ्या तारांवर छपाईयंत्रे बसवली. घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उमटत होती, आणि त्या कागदापर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता. संगणकातील नोंद त्याला पुसता आली असती, छापील नोंद नाही.

१०/ हेच तत्त्व एव्हाना आज्ञावलीतही उतरले होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सिस्लॉग’ तयार केला : यंत्रावर काही घडले की त्याची ओळ दुसऱ्या यंत्राकडे पाठवायची. त्याची रूढ रीत साधी होती. ओळ पाठवायची, पोहोच मागायची नाही. त्यामुळे ओळी वाटेत हरवू शकत आणि वाटेत वाचताही येत. २००९ मध्ये नवे मानक आले आणि त्यासोबत कूटबद्ध वहनाचीही रीत ठरली.

११/ व्हीपीएनच्या दारावर काय नोंदले जाते? कोण आले, केव्हा, कोणत्या पत्त्यावरून. आतला कोणता पत्ता मिळाला. किती माहिती आली-गेली. केव्हा बाहेर पडले. आणि किती वेळा चुकीचा पासवर्ड दिला. बोगद्यातील मजकूर या नोंदीत नसतो. वही दाराची आहे, संभाषणाची नव्हे. हा भेद लक्षात ठेवावा.

१२/ या ओळी देखरेख मंचाकडे पाठवल्या की नियंत्रकाचा आलेख तयार होतो. समजा, एका जिनिंग कारखान्याचा लेखापाल दहा वाजता धामणगावातून आत आला आणि दहा-वीसला त्याच नावाने कोणी दुसऱ्या खंडातून आले. सुट्या पाहिल्या तर दोन्ही नोंदी निर्दोष दिसतात. शेजारी ठेवल्या की वीस मिनिटांत कापता न येणारे अंतर उघडे पडते.

१३/ नोंद असली, तरी ती वेळेवर पाहणारा हवा. अमेरिकेत कलोनियल पाइपलाइनच्या व्यवस्थेत घुसखोर २९ एप्रिल २०२१ रोजी एका वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून शिरले. या खात्याला पासवर्डशिवाय दुसरे कुलूप नव्हते. हल्ला लक्षात आला ७ मे रोजी आणि इंधनवाहिनी बंद करावी लागली. तारीख नंतरच्या तपासात कळली.

१४/ आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएमच्या विनंत्यांना हल्लेखोरांचा बनावट स्विच परस्पर मंजुरी देत होता. त्या मूळ बँकिंग प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हत्या. गाड्या धावत होत्या आणि स्टेशनची वही कोरी होती. अशा वेळी दोन जागांच्या नोंदींतील विसंगती हीच साक्षीदार ठरते.

१५/ सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हे तिन्ही धडे आहेत : लॉग १८० दिवस जपा, घड्याळे नेमलेल्या कालस्रोताशी जुळवा, घटना सहा तासांत कळवा. पण त्यात आणखी एक अट होती. व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे ठेवावेत. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले. संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनला ही अट लागू नाही, असा खुलासा झाला.

१६/ इथे १८८५ चा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कारखाना स्वतःच्या दाराची वही ठेवतो, ते राखण झाले. सर्व नागरिकांच्या दारांची वही एका ठिकाणी जमा होते, ते निराळे. दूरध्वनी-टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंधने घातली आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. म्हणून प्रत्येक लॉगबाबत विचारावे : ती कोण वाचतो, किती दिवस ठेवतो आणि वाचणाऱ्याची नोंद कोण ठेवतो?

१७/ स्टेशनच्या वहीने या प्रश्नाचे अर्धे उत्तर कधीच दिले आहे. तेथे गाडीची नोंद होते, तशी ती लिहिणाऱ्या मास्तरांची सहीही असते. देखरेख मंचावर नोंदी पाहणाऱ्याचे नाव आणि वेळही अशीच उतरली पाहिजे, आणि त्या नोंदीची दुसरी प्रत त्याच्या हाताबाहेर राहिली पाहिजे. धामणगावला गेलात, तर फलाटावरून जाणाऱ्या मालगाडीकडे पाहताना तिच्या मागे-पुढे चाललेली ही लेखणी आठवा.