आम्स्टरडॅममधला गोवळकोंड्याचा अल्बम

नेदरलँड्सच्या राइक्सम्युझियममध्ये सर्वाधिक गर्दी असते ती रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’समोर. १६४२ सालचे हे भलेमोठे चित्र बघायचे, व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या मोलकरणीसमोर थोडे थांबायचे आणि बाहेर पडायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता. पण याच राष्ट्रीय संग्रहालयात दख्खनची एक अमानत आहे. ‘विट्सेन अल्बम’ असे तिचे नाव. ४९ लघुचित्रांचा हा अल्बम १६८६च्या सुमारास किंवा थोडा आधी गोवळकोंड्यात तयार झाला.

निकोलास विट्सेन हा अनेकदा आम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष झालेला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारातला बडा माणूस. पूर्वेकडच्या वस्तू जमवण्याचा त्याला शौक. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून मछलीपट्टणला डचांची वखार होती. कापड आणि हिरे यांसाठी कुतुबशाही मुलुखात त्यांची सतत ये-जा असे. ज्यांच्याशी व्यापार करायचा, ते राजे दिसतात कसे, याचे कुतूहल युरोपात होतेच. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी ही गरज ओळखली आणि राजेलोकांच्या तसबिरींचे संचच्या संच बनवून विकले. असे संच लंडन-पॅरिसच्या संग्रहांतही आहेत. खरे सांगायचे तर हे बाजारासाठीचे काम. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी चित्रांची नजाकत त्यात शोधू नये.

तरीही हा अल्बम आपल्यासाठी मोलाचा आहे. कारण मुघल बादशाह आणि दख्खनी सुलतानांच्या रांगेत त्यात शिवाजी महाराजही आहेत.

महाराष्ट्रात महाराजांच्या चित्राचा प्रश्न किती गुंतागुंतीचा होता, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते, ते मुळात इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे होते. मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाच्या ग्रंथातून ते आले होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३मध्ये अस्सल चित्र पुढे आणले, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. एका मुसलमान सरदाराची तसबीर मराठी घरांत महाराज म्हणून लागत होती, यावर कुणी हसावे की विचार करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गोवळकोंड्याच्या चित्रकारांना महाराज परके नव्हते. १६७७मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवर जाताना ते भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला आले होते. अबुल हसन तानाशाहने त्यांचे स्वागत केले, दोघांत करार झाला. दरबारात मादण्णा हा ब्राह्मण वजीर सर्वेसर्वा होता. शिया सुलतान, ब्राह्मण वजीर आणि मराठा छत्रपती एका बाजूला, तर दिल्लीची मुघल सत्ता दुसऱ्या बाजूला. शाळेच्या पुस्तकातली हिंदू-मुस्लिम अशी सरळ विभागणी इथे लावून बघा, बसत नाही.

चित्रकारांनी मात्र कुणाची बाजू घेतली नाही. औरंगजेब आहे, सुलतान आहेत, महाराजही आहेत. खलनायक म्हणून कुणाचा चेहरा काळवंडलेला नाही. हे औदार्य होते असे मला वाटत नाही. गिऱ्हाईक डच होते, त्याला सगळेच हवे होते. पण महाराजांना राजांच्या रांगेत बसवताना त्यांचा हात अडखळला नाही, एवढे निश्चित. ‘बंडखोर जमीनदार’ म्हणणाऱ्या मुघली कागदांशेजारी ही चित्रे ठेवून वाचली पाहिजेत.

हे चित्रकार कोण होते? त्यांची नावे अल्बमाबरोबर गेली नाहीत. विट्सेनचे नाव राहिले, कारण मालक तो होता. तीच गत आपल्या किती कारागिरांची!

१६८७मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. तानाशाहला कैद करून दौलताबादच्या किल्ल्यात ठेवले आणि तिथेच त्याचा अंत झाला. तिथला चिनी महाल पर्यटकांना आजही दाखवतात. कैदी कोण होता, हे फार थोडे विचारतात.